हाताची घडी, तोंडावर बोट. आणि पायांचं काय?

दुपारच्या शाळेचा पाचवा तास. मधली सुट्टी संपून अर्धा तास झालेला, डब्यातली पोळीभाजी पोटात जाऊन बसलेली, पंखा नुसता आवाजापुरता फिरतोय. फळ्यावर हातच्याची बेरीज. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा, त्याला आपण गणू म्हणू, बाकावर मागेपुढे डोलतोय. एक पाय मांडीखाली, दुसरा पुढच्याच्या दप्तरावर. दोनदा रागावून झालं होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "बाई, पायाला मुंग्या आल्यात. जरा उभा राहू?"

मी "नको, बस खाली" म्हणाले. एकाला परवानगी दिली की पाठोपाठ सगळ्या वर्गाला मुंग्या येतात, हे कुठल्याही बाईंना विचारा. पण त्याच आठवड्यात आमची एक शिक्षण परिषद होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर सलग दोन तास भाषण ऐकताना मी तीनदा पाय बदलले, एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि शेवटी शेजारच्या बाईंच्या वहीत फुलं काढत बसले. तेव्हा गणू आठवला.

त्याच्या दिवसाचा हिशोब मांडला. रिक्षात वीस मिनिटं, मांडीवर दप्तर घेऊन. शाळेत आठ तासिका, प्रत्येकी 35 मिनिटांच्या, म्हणजे 4 तास 40 मिनिटं. परत रिक्षा. मग शिकवणी, मग गृहपाठ, मग टीव्ही नाहीतर मोबाइल. आठवड्यातून दोनदा शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण चाचणी जवळ आली की त्यावर सर्वांत आधी गणिताचा डोळा जातो. हे पाप मीही केलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी आठवडाभराच्या सरासरीने रोज 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातले निदान तीन दिवस स्नायू आणि हाडांना ताण देणारं काहीतरी करावं: उड्या, चढणं, लटकणं. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ-यंत्र लागत नाही. मूल बोलू शकतंय पण गाणं म्हणताना धाप लागतेय, ती मध्यम हालचाल. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, ती जोरकस. ही साठ मिनिटं एका दमात व्हायला हवीत असंही नाही. पूर्वी मोठ्या माणसांसाठी 'निदान दहा मिनिटं सलग' अशी अट असायची, तीही आता काढून टाकली आहे. पाच इथे, सात तिथे, सगळं जमेस धरलं जातं. वर्गासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण वर्गात वेळ मिळतो तो असाच चिल्लर मिळतो.

याच संघटनेच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. त्यात जगातली 81 टक्के मुलं या साठ मिनिटांच्या खाली निघाली. मुलगे 78 टक्के, मुली 85 टक्के. भारताचा आकडा 74 टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे जगापेक्षा जरा बरा. पण चारातली तीन मुलं कमी पडतात, यात बरं वाटण्यासारखं फारसं काही नाही.

आता मुंग्यांकडे येऊ. रक्त थांबलं म्हणून मुंग्या आल्या, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा दबलेला असतो तो मज्जातंतू. एकाच बाजूवर वजन टाकून बसलं की त्याचे संदेश अडतात, आणि दाब निघाला की तो पुन्हा कामाला लागताना उलटसुलट संदेश पाठवतो. त्याच झिणझिण्या. म्हणजे गणूचं शरीर त्याला सांगत होतं की बसण्याची पद्धत बदल, आणि मी सांगत होते की बदलू नकोस.

रक्ताचं वेगळं आहे. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण ते वर परत आणायला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते. गावातल्या हातपंपासारखंच हे काम आहे. दांडा दाबला की पाणी वर येतं आणि आतली झडप ते पुन्हा खाली जाऊ देत नाही. पोटरी आवळली की शिरा पिळल्या जातात, शिरांमधल्या झडपा रक्त वरच ठेवतात. तासभर दांडा हललाच नाही तर रक्त खाली रेंगाळतं. चाललं, टाचा उचलल्या, दोन उड्या मारल्या की पंप पुन्हा सुरू होतो. हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्यासोबत मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन यांसारखी रसायनं वाढतात. जागं राहणं, लक्ष एका जागी टिकवणं, ही कामं या रसायनांच्या जोरावर चालतात.

अभ्यासाला यातलं नेमकं काय उपयोगी पडतं? मेंदूची तीन कामं इथे महत्त्वाची आहेत. एक, स्वतःला आवरणं, म्हणजे खिडकीबाहेर माकड आलं तरी फळ्याकडे बघणं. दुसरं, एका पद्धतीवरून दुसऱ्या पद्धतीवर चटकन जाणं. बेरजेची दहा गणितं झाली आणि अकरावं वजाबाकीचं आलं तर फसायचं नाही. तिसरं म्हणजे कार्यकारी स्मृती. तिला मी स्वयंपाकघरातला ओटा म्हणते. कपाटात कितीही सामान असलं तरी एका वेळी ओट्यावर मावेल तेवढ्याचाच स्वयंपाक होतो. हातचा लक्षात ठेवून पुढची बेरीज करणाऱ्या मुलाच्या ओट्यावर आधीच चार भांडी आहेत. त्यात पेंग आली, पाठ अवघडली, शेजारच्याने चिमटा काढला की एखादं भांडं खाली पडतंच. ते भांडं बहुधा हातच्याचं असतं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-दहा वर्षांची वीस मुलं. एके दिवशी त्यांना वीस मिनिटं चालण्याच्या पट्ट्यावर चालवलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ नुसतं बसवलं. मग ठोके शांत होईपर्यंत थांबून लक्ष एकाग्र करण्याची चाचणी घेतली. चालण्याच्या दिवशी उत्तरं जास्त अचूक आली, वाचलेलं समजण्यातही मुलं पुढे गेली आणि मेंदूच्या विद्युत नोंदीत लक्ष देण्याशी निगडित लाट मोठी दिसली. डोक्यावर जाळी घातलेल्या मुलाच्या मेंदूचा रंगीत नकाशा, बसल्यावर निळा आणि चालल्यावर लालभडक, असं एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरत असतं. ते याच कामातून आलेलं आहे. पण ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी वीस मुलं हा आकडाही पुढे पाठवावा. एवढ्याशा प्रयोगावरून 'चाला आणि हुशार व्हा' असं म्हणता येत नाही. थोडं चालल्यानंतरचा काही वेळ लक्ष बरं लागतं, इतकंच त्यातून निघतं. बाईंना तेवढंही पुरतं.

वर्गातली हालचाल दोन तऱ्हेची असते, आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली म्हणजे विसावा: अभ्यास थांबवायचा, पाच-दहा मिनिटं हातपाय हलवायचे, पुन्हा अभ्यास. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शाळेत रोज दहा मिनिटांचा असा उपक्रम करून पाहिला, तेव्हा तिसरी-चौथीच्या वर्गात कामात लक्ष असण्याचं प्रमाण सुमारे 71 टक्क्यांवरून 79 टक्क्यांवर गेलं. हे 2006 चं. आणि आधी जी मुलं सर्वांत जास्त भरकटायची, त्यांच्यातच फरक जास्त पडला.

दुसऱ्या तऱ्हेत अभ्यास थांबतच नाही. धडाच पायांनी करायचा. नेदरलँड्समध्ये दुसरी-तिसरीच्या 499 मुलांवर दोन वर्षं असा प्रयोग चालला. आठवड्यातून तीन वेळा, वीस-तीस मिनिटं, गणित आणि भाषेचे धडे उभ्याने: उत्तर चोवीस असेल तर चोवीस उड्या, शब्दातल्या प्रत्येक अक्षराला एक पाऊल. दोन वर्षांनी या मुलांची गणितात आणि शुद्धलेखनात इतरांपेक्षा साधारण चार महिन्यांइतकी जास्त प्रगती दिसली. वाचनात मात्र काही फरक दिसला नाही. मला हा प्रयोग आवडतो तो या 'मात्र'मुळे. पाढे आणि शुद्धलेखन घोकून, पुन्हा पुन्हा करून पक्कं होतं, तिथे उडी उपयोगी पडते. गोष्ट वाचायला मात्र शांत कोपरा लागतो. तेव्हा वाचनाच्या तासाला मुलांना उड्या मारायला लावू नका.

सगळीकडे असं छान निघालेलं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतच कॅन्ससमध्ये तीन वर्षं चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात हालचालीसह शिकवलेल्या मुलांचे गुण इतरांएवढेच राहिले. वाढले नाहीत आणि घटलेही नाहीत. पालकसभेत मी हा दुसरा निष्कर्ष आधी सांगते. "बाई, उड्या मारल्या तर पोर्शन कसा पुरा होणार?" हा प्रश्न कायम पहिला असतो. त्याचं उत्तर असं की हालचालीला वेळ दिल्यामुळे अभ्यास मागे पडला, असं या अभ्यासांत दिसत नाही.

आता आमच्या वर्गाबद्दल. पटावर 52, जोडबाक लोखंडी, दोन बाकांमधून मी आडवी होऊन जाते तेवढी जागा. परदेशातल्या शाळांच्या चित्रफितींमध्ये मुलं चेंडूंवर बसून लिहितात. आमच्याकडे चेंडू आणला तर तो शिपाईमामांच्या ताब्यात जमा होईल. त्यामुळे जे आहे त्यातच करायचं.

शुद्धलेखनाला तळ्यात-मळ्यात चालतं. मूळ खेळ सगळ्यांना येतो, त्यामुळे समजावण्यात वेळ जात नाही. मुलं बाकाशेजारी उभी राहतात. मी शब्द म्हणते, अक्षर दीर्घ असेल तर हात वर ताणून टाचा उचलायच्या, ऱ्हस्व असेल तर गुडघ्यात वाकायचं. 'फूल' म्हटलं की सगळा वर्ग उंच होतो. 'फुलं' म्हटलं की खाली जातो. 'दूध' वर, 'दुधाचा' खाली. 'मूल' वर, 'मुलं' खाली. चार-पाच जोड्यांनंतर कोणीतरी ओरडतंच, "बाई, शेपूट लागलं की बसायचं!" उपांत्य दीर्घाचा नियम मी दोन वर्षं फळ्यावर लिहीत होते. शेपटाचा नियम त्यांनी त्यांचा शोधला. मग 'विहीर' द्यायची: आधी खाली, मग वर. आणि 'विहिरी': खाली, खाली, वर. इथे निम्मा वर्ग चुकतो, हसतो आणि पुन्हा करतो. या खेळात पंधरा-वीस वेळा वाकून उठणं होतं, म्हणजे मांड्यांना चांगला व्यायाम होतो, आणि कोणाला तो व्यायाम वाटत नाही.

गणूच्या हातच्याला मात्र वर्ग पुरेना. त्या दिवशी हजेरी 47 होती. सगळ्यांना मागच्या फरसबंद अंगणात नेलं, खडूने मधोमध रेघ मारली, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. गणित 27 अधिक 15. म्हणजे 42 मुलं गणितात आणि उरलेली पाच हिशोबनीस, हातात पाटी. दहा जणांनी हात धरून रिंगण केलं की तो एक दशक. सत्तावीसची दोन रिंगणं डावीकडे गेली, सात जण सुटे उजवीकडे. पंधराचं एक रिंगण डावीकडे, पाच सुटे उजवीकडे. आता उजवीकडे बारा झाले. एककाच्या घरात नऊपर्यंतच राहायची परवानगी, हा नियम आधीच सांगितलेला.

क्षणभर गोंधळ. मग कोणीतरी म्हणालं, दहा जण हात धरा. रिंगण झालं, पण ते रेघ ओलांडून पलीकडे न्यायचं कसं? धरलेले हात न सोडता दहा जण खेकड्यासारखे आडवे चालत निघाले. गणू त्यात होता. रेघ ओलांडताना तो जोरात ओरडला, "बाई, आम्ही हातचा आहोत!"

उजवीकडे दोन उरले, डावीकडे चार रिंगणं. बेचाळीस. हिशोबनिसांनी पाटी वर केली. मग उलट केलं, बेचाळिसातून पंधरा वजा. दोनातून पाच जाईनात. एका रिंगणाने हात सोडले आणि दहाच्या दहा जण पळत एककात आले. उसना घेणं म्हणजे काय हे मी आजवर 'शेजाऱ्याकडून एक मागून आणायचा' असं सांगत होते. मागून आणलेला एक इकडे आला की दहा कसा होतो, हे त्या सांगण्यात कुठेच नव्हतं. रिंगण फुटल्यावर ते दिसलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. त्यात मुलं किती चालली ते मोजलं नाही, पण वर्गात परतल्यावर माठापाशी रांग लागली होती.

दिशा शिकवायलाही असंच सोपं आहे. सकाळी सूर्य कुठून येतो ते बघून पूर्वेला तोंड, मग पाव वळण, अर्धं वळण. आग्नेय आणि नैऋत्य यांची अदलाबदल नकाशावर होते तेवढी अंगाने वळल्यावर होत नाही. घड्याळाचे काटे हातांनी दाखवता येतात. पहिली-दुसरीला व्हरांड्यात संख्यारेषा आखून मिळवायला पुढे, वजा करायला मागे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या फरश्यांवर अशा रेषा, चौकटी, अक्षरं ऑइल पेंटने रंगवलेली आहेत. मुलांनी स्वतः करून-बघून शिकावं असं सांगणाऱ्या ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा गावोगावी हे झालं. काही ठिकाणी त्यावर आता सतरंजी असते. ती उचला, एवढंच.

फार जणांना वाटतं की यात मुख्य अडचण जागेची आहे. मला तसं वाटत नाही. अडचण आहे ती 'चांगला वर्ग' कशाला म्हणायचं याची. वरून साहेब आले आणि वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलेला दिसला की बाई चांगल्या. मुलाचं शरीर वर्गात फक्त शिक्षेच्या वेळी लक्षात येतं: उठाबशा काढ, अंगठे धर, बाकावर उभा राहा, मैदानाला फेऱ्या मार. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी यात एक साधा घोळ आहे. ज्या बैठका व्यायाम म्हणून मुलाला आवडाव्यात, त्याच आपण अपमान म्हणून त्याला काढायला लावतो. मोठेपणी त्याने आपण होऊन जोर-बैठका काढाव्यात ही अपेक्षा मग कशी करायची? तसंच मधली सुट्टी कापण्याचं. जो सर्वांत जास्त चुळबुळतो त्याचीच सुट्टी आपण बंद करतो. उपाशी आहे म्हणून रडणाऱ्याचं ताट काढून घेण्यातला हा प्रकार.

आवाजाची अडचण खरी आहे. आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर. पहिल्यांदा उड्या झाल्या तेव्हा खालच्या वर्गातून एक चिमुरडी चिठ्ठी घेऊन वर आली: 'छत पडतंय का?' तेव्हापासून वर्गात उड्या बंद, बाकी सगळं चालू. टाचा उचलणं, भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसणं, बाकावर तळवे टेकून अंग पेलणं, एका पायावर उभं राहून सातचा पाढा. एका पायाचा पाढा सगळ्यांत शांत असतो, कारण तोल जाऊ नये म्हणून मुलं श्वास धरूनच म्हणतात. थांबवण्याची खूण मात्र खेळ सुरू करायच्या आधी ठरवा आणि दोन दिवस फक्त तिचीच तालीम करा. आमची खूण 'स्टॅच्यू'. हा खेळ मुलं गल्लीत खेळतात, त्यामुळे तो शब्द ऐकून गोठायची त्यांना सवय आहे. 'शांत बसा' या शब्दांची त्यांना सवय झाली आहे ती न ऐकण्याची.

वेळेचं भान हवं. खिचडी खाल्ल्यावर लगेच वाकणं-उठणं नको. अर्धा तास जाऊ द्या, मग पेंग येते त्याच वेळेला करा. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात जे करायचं ते सकाळच्या पहिल्या दोन तासांत. आणि एका वेळी दहा मिनिटांची मोठी चैन करण्यापेक्षा दर पस्तीस मिनिटांनी दोन मिनिटं जास्त उपयोगी पडतात, कारण मुद्दा सलग बसणं मोडण्याचा आहे.

खेळ निवडताना एकच पथ्य मी कडक पाळते. 'आऊट' नाही. आऊट झालं की बाजूला बसायचं, आणि पहिला आऊट होतो तो बहुधा वजनदार, दम लागणारा किंवा बुजरा मुलगा. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत आधी खाली बसतो. दम्याच्या मुलांची नावं आणि त्यांचे पंप कुठे ठेवलेत ते बाईंना माहीत हवं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीसाठी 'टाचा उचला'ऐवजी 'खांदे उचला' असं वेगळं सांगण्यापेक्षा सगळ्या वर्गालाच हातांचा खेळ दिला तर कोणाकडे वळून बघावं लागत नाही. पाचवी-सहावीपासून मुली मागे राहायला लागतात, त्यामागे कंटाळा नसतो, स्कर्ट असतो. वाकलं, उडी मारली की मुलगे हसतात. शाळा समितीत एकदा गणवेशाखाली लेगिंग चालेल असा ठराव करून बघा, हजेरीत नाही पण खेळात फरक दिसेल. आणि बाईंनी स्वतः करायला हवं. मी साडीत टाचा उचलते. मुलांना बाई डगमगताना बघण्यात जो आनंद होतो त्याची किंमत कुठल्याच साहित्यपेटीत नाही.

वरिष्ठ विचारतील तेव्हा सांगायला आधार आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात खेळ अध्यापनात मिसळण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. 'फिट इंडिया' 29 ऑगस्ट 2019 ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी सुरू झालं. आणि यातलं काही नवीन नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा शाळाच मुलांच्या मागे चालत गेली होती.

वर्गातली हालचाल मैदानाची जागा घेत नाही, हे मी पालकांना बजावून सांगते, नाहीतर "शाळेत होतंच की" म्हणून संध्याकाळचं खेळणं बंद होतं. उघड्यावरच्या प्रकाशाचं काम छताखाली होत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 प्राथमिक शाळांत तीन वर्षं अभ्यास झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत तिथल्या 30 टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा दृष्टिदोष आला, इतर शाळांत जवळजवळ 40 टक्के मुलांना. त्यामुळे आठवड्याचे ते दोन शा.शि.चे तास मी आता गणिताला देत नाही. गणित पाहिजे तर अंगणात येऊ दे.

फसलेल्या गोष्टीही आहेत. इंग्रजी स्पेलिंगला प्रत्येक अक्षराला एक टाळी-एक पाऊल केलं, तर मुलांना पावलं पाठ झाली आणि अक्षरं नाही. लांबलचक नियम असलेला कुठलाही खेळ फसतो, नियम समजावण्यातच तास जातो. आणि भागाकार. सत्तेचाळीस जणांचे सहा-सहाचे गट करा म्हटलं, सात गट झाले आणि मध्ये पाच जण उरले. "तुम्ही बाकी," मी म्हणाले. त्यातली एक मुलगी रडायलाच लागली. "बाई, आम्हालाच का बाकी ठेवलं?"

आता आमच्याकडे नियम आहे की पुढचं गणित बाकीने घालायचं. परवा आठाआठाचे गट करायला सांगितलं तर गट धड होईचनात, कारण प्रत्येकालाच बाकी व्हायचं होतं.